पाय दुखतोय: एक्स-रे, डॉपलर, एमआरआय की सीटी अँजिओ? पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

पाय दुखायला लागला की घरात दोन मतं हमखास पडतात. एकाचं म्हणणं, 'गुडघ्याचा एक्स-रे काढून आण.' दुसऱ्याचं, 'डायरेक्ट एमआरआयच कर, सगळं एकदम कळेल.' दुसरं मत महाग पडतं आणि बरेचदा चुकतंही. एमआरआयमध्ये 'सगळं' कधीच दिसत नाही. गुडघ्याच्या एमआरआयमध्ये गुडघा दिसतो. पोटरीतली रक्ताची गुठळी, खुब्यातलं खराब होत चाललेलं हाड किंवा कंबरेत दबलेली नस त्यात दिसत नाही. प्रत्येक तपासणीला एक ठरावीक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेला असावा लागतो. बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात.

या लेखात फक्त पायाच्या दुखण्याचा विचार केला आहे, कारण सांधे, मणका आणि रक्तवाहिन्या हे तीनही संशयित एकाच जागी सापडतात तो अवयव म्हणजे पाय.

## आधी हे बघा: तपासणीची अपॉइंटमेंट न घेता थेट इमर्जन्सीत कधी जायचं

- पाय अचानक थंडगार, पांढरा किंवा निळसर पडला, खूप दुखतोय, बोटं हलत नाहीत. धमनी बंद झाल्याची शक्यता असते आणि हातात काही तासच असतात. सहा तासांच्या पुढे स्नायू वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. 'उद्या सकाळी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करू' असं इथे चालत नाही.
- एक पाय सुजलाय आणि त्यासोबत दम लागतोय, छातीत दुखतंय किंवा थुंकीत रक्त आलंय. पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.
- कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला. मणक्याचा एमआरआय त्याच दिवशी व्हायला हवा.
- ताप आहे आणि सांधा लाल, गरम झालाय, जरासुद्धा हलवता येत नाही. सांध्यात पू असेल तर आधी सुईने पाणी काढून तपासतात, स्कॅन नंतर.

यातलं काही नसेल तर पुढच्या पायऱ्या सावकाश वाचा.

## १. 'नस' हा शब्द वापरू नका

मराठीत 'नस' म्हटलं की चेतातंतूही झाला आणि रक्तवाहिनीही. 'नस दबली' म्हणजे मणक्याजवळचा चेतातंतू, 'नस फुगली' म्हणजे पायावरची नीला, 'नस ब्लॉक आहे' म्हणजे धमनी. काउंटरवर 'नसेची तपासणी करायची आहे' एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस डॉपलर, कंबरेचा एमआरआय आणि करंट देऊन करायची चेतातंतूंची तपासणी एनसीव्ही यांतलं काहीही समजू शकतो. काय होतंय ते सांगा, नाव ठेवायचं काम डॉक्टरांवर सोडा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. यांतल्या काहींच्या उत्तरांवरूनच निम्मं निदान होतं.

चालताना पोटरी भरून येते का? किती अंतरावर? मग काय केलं की थांबते? हा सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. दोन माणसं बाजारात निघाली आहेत आणि दोघांच्याही पोटऱ्या दोनशे पावलांवर दुखायला लागतात. पहिला दुकानाशी नुसता उभा राहतो आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा चालू लागतो. त्याच्या धमन्यांकडे बघायला हवं, म्हणजे आधी एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना) आणि धमन्यांचा डॉपलर. दुसऱ्याला उभं राहून बरं वाटत नाही. त्याला कट्ट्यावर बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं, पण सायकल मात्र तो आरामात चालवतो. त्याचा संशयित कंबरेत आहे, मणक्याची नळी अरुंद झालेली असू शकते. या दुसऱ्या माणसाचा पायाचा डॉपलर काढून 'नॉर्मल' आला की घरचे म्हणतात, 'काही नाही, वयामुळे आहे.'

रात्री झोपेत पाऊल दुखतं आणि खाटेवरून खाली लोंबकळत ठेवलं की बरं वाटतं? हे धमनीचं दुखणं आहे आणि बरंच पुढे गेलेलं आहे. याउलट संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते आणि पाय उशीवर उंच ठेवले की हलकं वाटतं, हे नीलांचं म्हणजे व्हेरिकोजचं लक्षण.

दुखणं जांघेतून सुरू होऊन गुडघ्यात उतरतं का? मांडी घालून बसायला त्रास होतो का? मग गुडघ्याच्या आधी खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं ही नेहमीची गोष्ट आहे.

## २. चिठ्ठीवर चार गोष्टी आहेत ना, हे निघण्यापूर्वीच बघा

१. शरीराचा नेमका भाग आणि बाजू, डावा की उजवा. 'आरटी' म्हणजे उजवा, 'एलटी' म्हणजे डावा. अक्षर लागत नसेल तर तिथेच विचारा.
२. कोणती तपासणी, आणि डॉपलर असेल तर धमन्यांचा की नीलांचा. नुसतं 'लेग डॉपलर' लिहिलं असेल तर सेंटरवाले आपल्या अंदाजाने एकच करतात.
३. कशासाठी: 'गुठळीची शंका', 'पडल्यानंतर लॉकिंग' (गुडघा अडकणं), 'मधुमेह, अंगठ्याला जखम' अशी एक ओळ तरी हवी.
४. आधी झालेलं ऑपरेशन आणि शरीरातलं धातूचं काही.

तिसरी ओळ बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते, आणि तिच्यामुळेच सगळ्यात जास्त फरक पडतो. रेडिओलॉजिस्टला फक्त 'एमआरआय नी' एवढंच दिसलं तर तो समोर आहे ते सगळं लिहून काढतो. 'पायऱ्या उतरताना वाटीमागे दुखतं' हे कळलं तर वाटीमागची कूर्चा तो दोनदा बघतो.

## ३. एक्स-रे: स्वस्त आहे म्हणून कमी समजू नका

गुडघ्याच्या झिजेसाठी एक्स-रे उभं राहून काढायचा असतो. झोपून काढला तर वजन पडत नाही, दोन हाडांमधली जागा आहे त्यापेक्षा मोकळी दिसते आणि झीज लपते. चिठ्ठीवर 'स्टँडिंग' किंवा 'वेट बेअरिंग' लिहून घ्या आणि टेबलावर झोपायला सांगितलं तर विचारा. दोन्ही गुडघे एकाच फिल्मवर घेतले तर तुलना होते. वाटीखालच्या दुखण्यासाठी गुडघा वाकवून काढलेला 'स्कायलाइन' व्ह्यू वेगळा मागावा लागतो.

एक्स-रेमध्ये काय दिसत नाही तेही लक्षात ठेवा. मणक्यांमधली गादी, लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे पट्टे), मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची चकती), स्नायू दिसत नाहीत. ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे दिसत नाही, त्यामुळे धावणाऱ्यांना आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना 'एक्स-रे नॉर्मल आहे, पळा' असा सल्ला महागात पडतो. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार, म्हणजे एव्हीएन, सुरुवातीला एक्स-रेत स्वच्छ दिसतो आणि एमआरआयमध्ये ठळक. स्टिरॉइड बरेच दिवस घेतलेले असतील किंवा दारू बरीच होत असेल आणि जांघेत दुखत असेल, तर नॉर्मल एक्स-रेवर समाधान मानू नका.

घोटा मुरगळला की एक्स-रे लागतोच असं नाही. ओटावा नियम नावाची साधी कसोटी डॉक्टर वापरतात: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर हाडावर दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का. दुखत नसेल आणि चालता येत असेल तर घोट्याचं हाड मोडल्याची शक्यता फार कमी. पावलाच्या हाडांसाठी वेगळे बिंदू दाबून बघतात.

किरणांची भीती वाटते त्यांच्यासाठी: गुडघ्याच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून आपल्याला वर्षाला ३ च्या आसपास मिळतोच, म्हणजे हा एका दिवसापेक्षाही कमी झाला. कंबरेच्या एक्स-रेचा मात्र १.५ च्या घरात जातो, तो दर भेटीला काढायची गोष्ट नव्हे. गर्भ असण्याची शक्यता असेल तर टेबलावर जाण्याआधी सांगा.

## ४. डॉपलर: इथे यंत्रापेक्षा तपासणाऱ्याचा हात महत्त्वाचा

डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच. किरण नाहीत, सुई नाही. पण एमआरआय मशीनप्रमाणे बटण दाबलं आणि चित्र आलं असं इथे होत नाही. कोण करतो, किती वेळ देतो यावर रिपोर्टचा दर्जा ठरतो. दोन्ही पायांचा डॉपलर पाच मिनिटांत उरकला असेल तर तो उरकलाच आहे.

गुठळीसाठी, म्हणजे डीव्हीटी (खोल नीलेतली गुठळी). इथे नीला बघतात. प्रोब जांघेत ठेवतात आणि खाली सरकत जातात, दर दोनेक सेंटिमीटरवर प्रोबने हलकेच दाबत. स्क्रीनवर दोन काळे गोल दिसतात, एक धमनी, एक नीला. दाबलं की निरोगी नीला मिटून जाते, कागद दुमडल्यासारखी. धमनी तशीच राहते. नीला दाबूनही मिटली नाही, की आत गुठळी आहे. रंगीत चित्रं दिसायला भारी असली तरी निदान मुख्यतः या दाबण्यावर होतं. रिपोर्टमध्ये 'नॉन-कॉम्प्रेसिबल' लिहिलं असेल तर याचा अर्थ हा.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, नावाचा. रिपोर्टमध्ये 'सुपरफिशियल फीमोरल व्हेन'मध्ये गुठळी आहे असं लिहिलेलं असलं तर 'सुपरफिशियल आहे, वरवरची आहे' असं समजून घरी बसू नका. नावात सुपरफिशियल असलं तरी ती खोल नीला आहे आणि ती डीव्हीटीच आहे. आता बरेच जण नुसतं 'फीमोरल व्हेन' लिहितात, ते याचसाठी.

दुसरा, पोटरीचा. काही ठिकाणी फक्त जांघ आणि गुडघ्यामागचा भाग बघतात. पोटरीत लहान गुठळी असेल तर ती सुटते. शंका जोरदार असेल तर साधारण आठवड्याने पुन्हा डॉपलर करायचा असतो. पहिला नॉर्मल आला म्हणून दुसरा चुकवू नका.

तिसरा, सोंगाड्या. गुडघ्यामागे पाण्याची गाठ असते, बेकर्स सिस्ट. ती फुटली की पोटरी सुजते, दुखते, लाल होते, हुबेहूब गुठळीसारखी. सांध्याची झीज असलेल्या माणसात हे घडू शकतं. रक्त पातळ करायचं औषध सुरू करण्याआधी सोनोग्राफीत हे वेगळं काढता येतं, म्हणून गुडघ्यामागचा भाग बघायला आवर्जून सांगा.

घरी मोजायची एक गोष्ट आहे. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या खाली १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो आकडा डॉक्टरांना सांगा. शंका कमी असेल तर ते आधी डी-डायमर ही रक्ततपासणी करतात आणि ती निगेटिव्ह आली तर डॉपलर टळतोही.

व्हेरिकोजसाठी. हा डॉपलर उभं राहून व्हायला हवा. वजन दुसऱ्या पायावर टाकायचं, तपासायचा पाय सैल सोडायचा. डॉक्टर पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं खाली येतं का, किती वेळ येतं ते मोजतात. कातडीलगतच्या वरवरच्या नीलांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह म्हणजे झडप गळकी. टेबलावर झोपवून केलेल्या डॉपलरवर लेझरचं ऑपरेशन ठरत असेल तर दुसरं मत घ्या. चांगल्या रिपोर्टमध्ये कोणती नीला, जांघेतल्या जोडाशी म्हणजे एसएफजेशी गळती आहे का, नीलेचा व्यास किती मिलिमीटर, आणि खोल नीला मोकळ्या आहेत का, या चारही गोष्टी असतात. शेवटची सगळ्यात महत्त्वाची: खोल नीला बंद असेल आणि वरची फुगलेली नीला तिचं काम करत असेल तर तीच जाळून टाकणं अंगाशी येईल.

धमन्यांसाठी. डॉपलरच्या आधी एबीआय मागा. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंड १४० आणि घोटा ९८ असेल तर ०.७०. ०.९ पेक्षा कमी म्हणजे धमनीत अडथळा. आता मधुमेह्यांसाठीचा फास: वर्षानुवर्षं साखर असलेल्यांच्या घोट्याच्या धमन्या चुन्याने (कॅल्शियमने) कडक होतात, पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटा चांगला येतो. १.४ च्या वर आला तर 'एकदम मस्त' नव्हे, ती धमनी दगड झाली आहे. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून तसाच भागाकार करतात, तिथे ०.७ च्या खाली आलं तर रक्तपुरवठा कमी आहे. डॉपलरच्या रिपोर्टमध्ये 'ट्रायफेजिक' म्हणजे प्रवाह निरोगी. 'मोनोफेजिक' लिहिलं असेल तर बहुतेक वेळा वर कुठेतरी अडथळा असतो.

तयारी म्हणाल तर पायाच्या डॉपलरला उपाशी राहावं लागत नाही. पोटातल्या मोठ्या धमन्या-नीलाही बघायच्या असतील तर सहाएक तास उपाशी बोलावतात, कारण गॅसने चित्र झाकतं. सैल चड्डी घालून जा. पायाला तेल किंवा बाम चोळलेला नको. जखमेवर पट्टी असेल तर ती सोडायला लागेल, नवी पट्टी सोबत ठेवा.

सोनोग्राफी सेंटरमध्ये गर्भलिंग निदान होत नसल्याचा बोर्ड असतो आणि बऱ्याच ठिकाणी ओळखपत्र मागतात. पाय दाखवायला आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण कायदा मशीनला लागू आहे. आधार कार्ड खिशात असू द्या.

## ५. एमआरआय: खरी तयारी कपाटासमोर

साध्या कंबरदुखीत, वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर, पहिले सहा आठवडे एमआरआयची गरज नसते. अपवाद लक्षात ठेवा: पायातली ताकद कमी होत जाणं, कर्करोगाचा इतिहास, आणि आपल्याकडे विशेषतः संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि रात्री वाढणारं पाठीचं दुखणं. मणक्याचा टीबी असाच येतो आणि तो लवकर सापडला पाहिजे.

मशीनचा चुंबक कायम चालू असतो. स्कॅन सुरू नसतानाही. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णासोबतचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचलं. त्यात त्याचा जीव गेला. म्हणून 'मशीन बंद आहे, जा आत' असं वॉर्डबॉय म्हणाला तरी ऐकू नका.

आदल्या दिवशी काढून ठेवायच्या गोष्टी: मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी, करदोटा, ताईत, साडीच्या पिना, केसांच्या क्लिपा, कवळी, श्रवणयंत्र, दुखऱ्या जागेवर लावलेला औषधी पॅच. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण दागिन्यात इतर धातू असतात, ते तापू शकतात आणि चित्र बिघडवतात. पावलाच्या एमआरआयला जोडवी ठेवली तर नेमका हवा तोच भाग काळा होतो. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी ऐनवेळी निघत नाहीत. आदल्या रात्री साबणाच्या पाण्यात पाय बुडवून काढा.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि कार्ड दाखवा. नवीन पेसमेकर बरेचदा अटींसह चालतात, पण कार्डाशिवाय कोणी आत घेणार नाही आणि घेऊही नये. बदललेला गुडघा, मांडीतला रॉड, हृदयातला स्टेंट यांना बहुतेक वेळा अडचण नसते, मात्र डिस्चार्ज कार्ड न्या. रॉडच्या आजूबाजूचं चित्र धूसर येईल हे गृहीत धरा. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम केलेलं असेल आणि कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर न विसरता सांगा. आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात.

एका भागाला २० ते ४० मिनिटं लागतात. आवाज हातोडीसारखा येतो, कानात बोळे मागा. पाय हलला की चित्र फुकट जातं, त्यामुळे खूप दुखत असेल तर आधी वेदनाशामक घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. गुडघ्याच्या एमआरआयला शरीराचा खालचा भागच आत जातो, डोकं बाहेर राहतं. बंद जागेची भीती असणारे निम्मे लोक हे ऐकूनच शांत होतात.

'ओपन एमआरआय' मोकळा वाटतो पण बहुतेक ओपन मशीनचा चुंबक दुबळा असतो. गुडघ्याच्या बारीक गोष्टींसाठी १.५ टेस्लाचं मशीन (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) आणि गुडघ्याची स्वतंत्र कॉइल, म्हणजे गुडघ्याभोवती बसवायचं साधन, पुरतं. ३ टेस्लासाठी शहर बदलायची गरज नाही. आणि साध्या गुडघ्याच्या किंवा कंबरेच्या एमआरआयला सहसा इंजेक्शन लागत नाही. गाठ, संसर्ग किंवा आधीचं ऑपरेशन असेल तर लागतं.

## ६. सीटी अँजिओ आणि डीएसए

पायाच्या धमन्यांचा नकाशा हवा असेल, म्हणजे बलून, स्टेंट की बायपास हे ठरवायचं असेल, तेव्हा सीटी अँजिओ. नुसत्या उत्सुकतेपोटी करायची तपासणी नाही. हाताच्या शिरेत जाड सुई लावतात आणि सुमारे १०० मिलिलिटर आयोडीनचा डाय मशीनने वेगात ढकलतात, सेकंदाला ४-५ मिलिलिटर. अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, घाबरू नका. पण सुईच्या जागी आग व्हायला लागली किंवा फुगलं तर लगेच ओरडा, डाय शिरेबाहेर चालला आहे.

आधी सांगायच्या गोष्टी:

- क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी ताजी असावी. रिपोर्टमध्ये ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, ३० च्या खाली असेल तर किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय डाय नको.
- मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी. बरीच सेंटर्स सरसकट ४८ तास बंद करायला सांगतात. किडनी चांगली असेल तर याची सहसा गरज नसते. स्वतःहून बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, साखरेच्या डॉक्टरांना विचारा.
- ॲलर्जी. पूर्वी डायनेच पुरळ, धाप किंवा सूज आली असेल तर ते महत्त्वाचं. स्टिरॉइडच्या गोळ्या १३ तास आधीपासून सुरू कराव्या लागतात, म्हणून ऐनवेळी सांगून उपयोग नाही. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी मात्र या डायशी जोडू नका. ती त्यांच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे.

मधुमेही आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत गुडघ्याखालच्या धमन्यांत इतका चुना असतो की सीटीमध्ये तो पांढरा पसरून आतली पोकळी झाकतो. रिपोर्टमध्ये 'गुडघ्याखालचं मूल्यमापन मर्यादित' असं आलं तर सेंटरची चूक समजू नका. तिथे डीएसए लागते: जांघेतून नळी घालून थेट धमनीत डाय सोडायचा. ती बहुधा उपचारासोबतच करतात, त्याच टेबलावर बलून फुगवता येतो. किडनी नाजूक असेल तर काही ठिकाणी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात, विचारून बघा. जांघेतली नळी काढल्यावर चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं असतं. लघवीला उठलं आणि जांघेत गाठ आली, हा नेहमीचा अपघात आहे. भांडं मागा.

## ७. पिशवीत काय असावं

- डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ प्रत, आणि तिचा मोबाइलमध्ये फोटो
- आधीच्या सगळ्या फिल्म आणि सीडी, नुसते रिपोर्ट नव्हेत. जुनं-नवं शेजारी ठेवल्याशिवाय 'वाढलंय की तसंच आहे' हे कळत नाही
- क्रिएटिनिनचा रिपोर्ट
- चालू औषधांची यादी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसह
- इम्प्लांटचं कार्ड किंवा डिस्चार्ज कार्ड
- ओळखपत्र, मेडिक्लेमचे कागद, रेशन कार्ड

निघताना सीडी किंवा डाउनलोडची लिंक मागा. फिल्म खिडकीला धरून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून कोणताही सर्जन शहाणपणाचं मत देऊ शकत नाही. फिल्म दुमडू नका, गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवू नका.

## ८. रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट वाचून गूगल करू नका असं सांगून उपयोग नाही, कोणी ऐकत नाही. म्हणून निदान हे वाक्प्रचार ओळखा.

'डिफ्यूज डिस्क बल्ज.' यालाच लोक 'मणक्यात गॅप' म्हणतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तर विशीत ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीत ९६ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. फुगवटाही चाळिशीत निम्म्यांना असतो. केस पिकण्यासारखंच आहे. बल्ज ज्या बाजूला आणि ज्या चेतातंतूवर आहे, दुखणं त्याच बाजूला, त्याच पट्ट्यात असेल तरच त्याला अर्थ.

'मेडियल मेनिस्कस, ग्रेड २ सिग्नल.' हे फाटणं नाही. ग्रेड १ आणि २ म्हणजे मेनिस्कसच्या आतला बदल, कडेपर्यंत न पोहोचलेला. कडेपर्यंत गेला की ग्रेड ३, आणि तोच फाटलेला. ग्रेड २ वर कोणी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवत असेल तर थांबा.

'सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन.' डॉक्टरांनी हात लावून तपासल्याशिवाय या ओळीचा निकाल लागत नाही, एवढाच तिचा अर्थ.

बाजू तपासा. दुखतोय उजवा आणि रिपोर्टवर डावा, असं टायपिंगमध्ये होतं. काउंटर सोडायच्या आधी नाव, वय आणि बाजू वाचून दुरुस्त करून घ्या.

## ९. पैशांबद्दल थोडं

मेडिक्लेममध्ये केवळ तपासणीसाठी दाखल झालात तर दावा सहसा नाकारतात. मात्र नंतर त्याच आजारासाठी दाखल झालात तर दाखल होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च मिळतो, बऱ्याच पॉलिसींत हे ३० दिवस असतात. त्यासाठी प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारा उपचार असेल तर बाहेर पैसे भरून स्कॅन करण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

## १०. उपचारातही हीच यंत्रं, आणि नंतरच्या तारखा

गुडघ्यात किंवा टाचेत इंजेक्शन घ्यायचं असेल तर सोनोग्राफीखाली देता का, ते विचारा. सुईचं टोक दिसतं, औषध हव्या त्या जागी पडतं. गुडघा बदलायचा विचार तीन महिन्यांच्या आत असेल तर स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, संसर्गाचा धोका वाढतो.

व्हेरिकोजचं लेझर पूर्णपणे डॉपलरखाली चालतं. नंतर साधारण आठवड्याभरात पुन्हा डॉपलर असतो, बंद केलेल्या नीलेतली गुठळी खोल नीलेत सरकलेली नाही ना, हे बघायला. बरं वाटतंय म्हणून हा चुकवणारे बरेच.

डीव्हीटीचं औषध संपवताना एक शेवटचा डॉपलर काढून ठेवा. जुनी गुठळी चट्ट्यासारखी राहते. दोन वर्षांनी पाय पुन्हा सुजला तर 'ही जुनीच की नवी' हे ठरवायला त्या दिवशीचं चित्रच लागतं.

धमनीत बलून किंवा स्टेंट टाकल्यावर पहिला एबीआय लिहून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. पुढच्या कोणत्याही भेटीत तो ०.१५ ने किंवा त्याहून जास्त घसरला असेल तर पाय दुखत नसला तरी डॉपलर मागा.